अठ्ठाविसाव्या रोज्याची मासळी

"मावशी, रागावू नका, पर टोपली आजच आनली," असं म्हणत बजरंगने लॉरीच्या मागच्या फळीवरून ओली करंडी खाली घेतली आणि चाँदबीच्या दारात ठेवली.

चाँदबी उंबऱ्यातच थांबली. करंडीच्या तळातून पाणी ठिबकत होतं आणि वरच्या पळसाच्या पानांतून समुद्राच्या ताज्या मासळीचा वास येत होता, जो या वलवणच्या घरात तिने एकोणचाळीस वर्षांत कधी घेतला नव्हता.

"उद्या सांजच्याला आन म्हनलं हुतं न्हवं तुला?"

"व्हय. पर मालकानं मिठाची खेप आजच घाटावर चढवाया लावली. पुन्याच्या व्यापाऱ्याला निकड हाय. धरमतरला मासळीचा मचवा लागला, माल समोर हुता. सोडून आलो असतो तर तुमाला ईदला कायच मिळालं नसतं."

बजरंग पेणचं मीठ भरून खोपोलीच्या बाजूने घाट चढायचा. त्याचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. रमजानचा अठ्ठाविसावा रोजा चालला होता. उद्या संध्याकाळी चंद्र दिसला तर परवा ईद, नाही दिसला तर तेरवा. चाँदबीने दोन महिने मनात जुळवलेला बेत असा दुपारी बाराच्या उन्हात दाराशी ठिबकत होता.

बेत तिच्या भावासाठी होता. वाहिद जंजिऱ्याच्या बाजूला, खाडीवरच्या गावात तांडेल होता, स्वतःची होडी चालवायचा. चाँदबी त्याच गावची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती घाट चढून वर आली, ती इकडचीच झाली. तिच्या बापाच्या घरी रमजान ईदला सकाळी शीरखुर्मा आणि दुपारी मासळीच असायची. गावातल्या इतर घरांत मटण शिजे. पण बाप म्हणे, वर्षभर ज्याच्यावर जगलो त्याचंच ताट आज मांडायचं. आई कोळंबीचा पुलाव करी. सगळे, बायका-पुरुष, एका दस्तरखानावर बसत.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा संपून होड्या पहिल्यांदा बाहेर पडल्या तेव्हा वारा फिरला. वाहिद सुकाणूवर होता. होडी परत आली, दोन खलाशी आले, वाहिद आला. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा गुलजार आला नाही. त्यानंतर वाहिदने होडी वाळूवर ओढून झावळ्यांनी झाकली. तो समुद्रावर गेला नाही, आणि मासळीला त्याने हात लावला नाही. बायको आधीच गेली होती. एकटाच भाकरी भाजायचा आणि बसून राहायचा. यंदा चाँदबीने नवऱ्याकडून पत्रावर पत्र लिहवून त्याला वर बोलावून घेतलं होतं. येऊन आठ दिवस झाले होते. नमाज, रोजा, आणि मग पडवीतल्या बाजेवर गप्प बसणं, एवढंच त्याचं चाललं होतं. लेकाचं नाव त्याने एकदाही काढलं नव्हतं.

तिचा नवरा इनायत धरणाच्या दारांना वंगण घालायच्या कामावर होता. बेत ऐकून तो म्हणाला होता, "त्याला इचारलंस का?"

"इचारलं तर न्हाई म्हनंल."

"मंग?"

"मंग काय. समोर ताट आल्यावर बघू."

आता ताटाआधी टोपलीच समोर आली होती. चाँदबी आणि सून हुस्नबानोने ती उचलून मागच्या अंगणात, विहिरीच्या कडेला नेली. पानं बाजूला सारताच हुस्नबानोने पदर नाकाला लावला. ती शिरगावची. पवनेच्या काठावर वाढलेली. तिने नदीचे मासे पाहिले होते, पण हातभर लांबीची सुरमई पाहिली नव्हती.

"अम्मा, हे परवापर्यंत ऱ्हाईल का?"

चाँदबीला सांगता येईना. रांधायचं तिला आठवत होतं. पण मासळी राखायची कशी, कुठली टिकते आणि कुठली नाही, हे तिच्या माहेरी पुरुष बघायचे. तिने एक पापलेट उचललं, वास घेतला, खाली ठेवलं. मग कोळंबी हातात घेतली. तिला काहीच कळेना, आणि रोज्याच्या तोंडी तहानही लागली होती. ती विहिरीच्या काठावर टेकली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामूंना हाक मारू?" हुस्नबानोने विचारलं.

"नगं."

पण वास पडवीपर्यंत गेला होता. वाहिद मागच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने टोपलीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग तो वळून आत गेला. चाँदबीला वाटलं, संपलं. आता हा संध्याकाळच्या गाडीने निघून जाईल.

तो परत आला तेव्हा सदरा काढून ठेवला होता आणि हातात चुलीजवळची सुरी होती.

"ह्यात पानी कुनी ओतलं?"

"बजरंगनं," चाँदबी म्हणाली. "वाटंत गार ऱ्हावं म्हून."

"गोड्या पान्यानं मासली लवकर जाते," वाहिद म्हणाला आणि उकिडवा बसला.

त्याने एकेक मासा उचलून कल्ला वर केला, आतला रंग पाहिला, अंगठ्याने पाठ दाबली.  त्याचे हात भराभर चालले होते, जणू गेली तीन वर्षं ते त्याच्याशिवायच हे काम करत होते. पापलेटं एका बाजूला गेली, सुरमया दुसऱ्या बाजूला. कोळंबीची डोकी काळी पडली होती. त्याने एक मोडून नाकाशी धरली.

"ही टाक."

"भाईजान, ती पुलावाची हाय. अम्मी करायची तसला पुलाव."

"टाक, चाँद. ईदला घर आजारी पाडशील."

 ती कोळंबी पाटीत भरून कुंपणाकडे गेली. पलीकडे शेजारीण विठाबाई वांग्याच्या वाफ्यात बसली होती. गेली तीस वर्षं दोघींच्या मधे तेवढंच एक कुंपण होतं.

"काय गं, येवढं सारं काय टाकतीस?"

"माजा पुलाव टाकतीया," चाँदबी म्हणाली.

विठाबाईने पाटीत डोकावून पाहिलं आणि काही न विचारता वाफ्याच्या टोकाला खड्डा करायला घेतला. "हितं पूर. वांग्यास्नी तरी लागंल."

चाँदबी परत आली तेव्हा वाहिद म्हणाला, "पापलेट आजच रोजा सोडताना खावा. सुरमई ऱ्हाईल. पन मीठ पायजे, जाडं. लय पायजे."

बजरंगची लॉरी अजून रस्त्यात उभी होती. तो इंजिन थंड व्हायची वाट बघत होता. हुस्नबानो परात घेऊन धावली. बजरंगने फळीवर सांडलेलं मीठ झाडून झाडून परात भरून दिली आणि वर आपल्या घरासाठी नेत असलेली पिशवीही ओतली.

वाहिदने सुरमई चिरायला घेतली. चाँदबी तांब्याने पाणी घालत होती. पहिली झाली, दुसरी झाली. तिसऱ्या माशाच्या पोटाला पातं लावलं आणि तो थांबला.

"गुलजारला हे कधी जमलं नाय," तो म्हणाला. "पातं खोल घुसवायचा. पित्त फोडायचा दर खेपेला. मी वरडायचो."

चाँदबीच्या हातातला तांब्या कलता होता. पाण्याची धार तिने तशीच चालू ठेवली.

"वरडायचो," तो पुन्हा म्हणाला. "आता वाटतं, फोडलं तर फोडलं. काय येवढं."

मग त्याने पातं पुढे ओढलं. तुकडे मातीच्या रांजणात थरावर थर रचले, प्रत्येक थरावर हळद आणि मूठमूठ मीठ घातलं, वर लाकडी पाट दाबून ठेवला आणि रांजण विहिरीच्या सावलीत सरकवला.

संध्याकाळी पापलेटाचं कालवण शिजलं. घरात सगळ्यांचे रोजे, चव कोण घेणार? हुस्नबानो कुंपणापाशी गेली. विठाबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला.

"वाटीत नगं. हितं घाल थेंबभर. आन आमच्या घरात बोलू नगा कुनी."

तिने जीभ लावली, डोळे मिटले. "आंबट कमी हाय. मीठ बेस. ह्ये समुद्राचं असं लागतं व्हय? मला वाटलं, खारट आसंल."

हुस्नबानोने चिंचेचा कोळ वाढवला. अजान झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. इनायतने कालवणाचं तोंड भरून कौतुक केलं. वाहिदने मात्र डाळीशी भाकरी खाल्ली, पाणी प्यायला आणि नमाजाला उठला. चाँदबीने त्याला आग्रह केला नाही. पण ताटं उचलताना ती सुनेला म्हणाली, "हातानं चिरलं, पर तोंडात घास घेतला न्हाई. मी उगाच केलं का गं हे सारं?"

"अम्मा, आठ दिसांत मामू आज पयल्यांदा बोलले," हुस्नबानो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या वेळी वस्तीतली माणसं धरणाच्या भिंतीवर चंद्र बघायला जमली. घाटाकडून धुकं चढून आलं आणि नागफणीचा कडासुद्धा दिसेनासा झाला. लोणावळ्याहूनही काही खबर आली नाही. इनायत घरी आला आणि म्हणाला, "तिसावा रोजा करावा लागनार."

चाँदबीने रांजणाकडे पाहिलं. आणखी एक दिवस. ती काही बोलायच्या आत वाहिद उठला होता.

"पानी सुटलं असंल. मीठ पलटाया पायजे," तो म्हणाला. "कंदील धर गं, पोरी."

हुस्नबानोने कंदील धरला. त्याने सगळे तुकडे बाहेर काढले, सुटलेलं पाणी ओतून दिलं, पुन्हा कोरडं मीठ लावलं. काम करता करता तो सुनेला सांगत होता: घट्ट तुकडा कसा ओळखायचा, पाटावर किती भार ठेवायचा, झाकणाला फडकं का बांधायचं. तिने एकदा विचारलं, "होडीवर असंच करता?" तेव्हा तो म्हणाला, "लांबची फेरी असली तर. आमची होडी लांब जायाची." आणि मग होडीबद्दल, तिच्या डोलकाठीबद्दल, तिला लावायच्या तेलाबद्दल बराच वेळ बोलत राहिला. चाँदबी चुलीपाशी बसून ऐकत होती. 

ईदच्या सकाळी चाँदबीचा मुलगा, हुस्नबानोचा नवरा, कल्याणहून पहिल्या गाडीने आला. घाटात आता विजेची इंजिनं होती, तरी त्याच्या कपड्यांना जुना कोळशाचा वास चिकटलेला असायचा. तो रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होता. पुरुष नमाजाला गेले. वाहिदने पहाटेच सुरमईचे तुकडे पाण्यात घालून ठेवले होते आणि जाताना तीनदा बजावलं होतं की पाणी दोन वेळा बदलायचं.

चाँदबीच्या बेतातलं फारसं काही उरलं नव्हतं. पुलाव वांग्याच्या वाफ्यात गेला होता. पापलेटं संपली होती. पण विठाबाईने सकाळीच कुंपणावरून नव्या आंबेमोहराची पाटी दिली होती. "पुलाव न्हाई तर न्हाई, भात तरी वासाचा कर," ती म्हणाली. चाँदबीने त्यात नारळाचं दूध घातलं. बाजारातून आणलेल्या सुक्या बोंबलांची चटणी केली. सुरमईला तांदळाचं पीठ लावून ती तव्यावर ठेवली तेव्हा घरभर, अंगणभर, पार रस्त्यापर्यंत वास गेला.

दुपारी तिने दस्तरखान अंथरला आणि सगळ्यांना त्याच्याभोवती बसायला सांगितलं. हुस्नबानो मागे सरली. नवरा, सासरा, मामेसासरे. यांच्या पंगतीला ती कधी बसली नव्हती.

"बस," चाँदबी म्हणाली. "माज्या बापाच्या घरात असंच बसायचे."

हुस्नबानो डोक्यावरचा पदर सावरून कडेला बसली. समोर सुरमईचा तुकडा आला, तशी ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?" वाहिदने विचारलं.

"लहानपनी काटा अडकला हुता, मामू. नदीच्या माशाचा. तवापासून भ्या वाटतं."

वाहिदने तिचं ताट आपल्याकडे ओढलं. तुकडा बोटांनी उकलला, मधला काटा अलगद धरून अखंड बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"नदीच्या माशाला शंभर काटे. ह्याला मोठा येवढाच, मधला," तो म्हणाला. "ह्यो काढला की भ्यायचं काय नाय. खा."

तिने घास घेतला. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने चावला, गिळला आणि हळूच दुसरा घेतला.

वाहिदच्या बोटांना माशावरचं पीठ आणि थोडं मांस लागलं होतं. त्याने बोटांकडे पाहिलं. मग ती तोंडात घातली.

"खारट ऱ्हायली," तो म्हणाला. "अजून एकदा पानी बदलाया हवं हुतं."

"असू दे," चाँदबी म्हणाली. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि भाताशेजारी सुरमईचा तुकडा ठेवला. त्याने हात आडवा धरला नाही.