पोरीविना ढावलो

खेमसिंग राठोड आणि फैज यांच्या ‘चकवा’ मंडळाला सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत त्यांच्या कार्यक्रमाला एकही माणूस घाबरला नव्हता. दुसऱ्या एखाद्या मंडळाला याचं काही वाटलं नसतं. पण चकवाचा धंदाच भीतीचा. ‘लोकसंगीतातून भीती’ असं त्यांच्या फलकावर ठळक लिहिलेलं होतं. फलक रंगवणाऱ्यानं कौतुकानं दोन्ही कोपऱ्यांत एकेक मोर काढून दिला होता, आणि सगळं तिथूनच बिघडलं असं खेमसिंगचं ठाम मत होतं.

खेमसिंग काशाची थाळी वाजवायचा. बंजाऱ्यांच्या तांड्यात होळीला, लग्नाला नगारा आणि थाळी वाजतेच. त्याच्या आज्यानं वाजवली, बापानं वाजवली. खेमसिंग तीच थाळी पाण्याच्या घमेल्यात अर्धी बुडवून वाजवी. थाळी खाली-वर केली की आवाज वाकतो, आणि वाकलेला आवाज ऐकून माणसाच्या पोटात गोळा यावा अशी अपेक्षा होती. फैजचं आर्णीत टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान. तो एका जुन्या फटफटीच्या सायलेन्सरमध्ये फुंकायचा आणि फवारणीच्या रिकाम्या पंपातून हवा सोडून सापाचा फूत्कार काढायचा.

भुतांची आवड खेमसिंगची. लहानपणी आर्णीच्या व्हिडिओ सेंटरात बसून त्यानं एवढी भुतं पाहिली होती की त्यातली काही त्याला चालीवरून ओळखू यायची. कलेची बाजू फैजची. त्यानं एकदा मोबाईलवर परदेशातला एक माणूस पाहिला. तो माणूस संग्रहालयात उभा राहून पत्र्यावर करवत घासत होता आणि समोर चांगले कपडे घातलेले लोक डोळे मिटून ऐकत होते.

“खेमभाऊ, हे तं मी रोज दुकानात करतो,” फैज म्हणाला. “फक्त माह्यासमोर कोनी बसत नाई.”

त्या दिवशी मंडळ स्थापन झालं.

मुकुटबनच्या जत्रेत त्यांनी ‘विहिरीतली बाई’ हा अर्ध्या तासाचा प्रकार केला. संपल्यावर एक म्हातारा डोळे चोळत उठला आणि अशी झोप बऱ्याच दिवसांत लागली नव्हती म्हणून त्यानं दोघांना चहा पाजला. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिलीच्या पोरांनी वन्स मोअर घेतला. गणपतीत सायलेन्सर वाजल्याबरोबर कार्यकर्ते नाचायला लागले, ते आवरेनात.

खेमसिंगची बायको शीला हिलाही कधी भीती वाटली नाही, पण कंटाळा मात्र भरपूर आला होता. तिचा भाऊ संजय लोहाऱ्याच्या एमआयडीसीत होता. तिथं एका कारखान्याच्या गेटवर चौकीदाराची जागा निघाली होती आणि गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“दिवसभर खुर्चीवर बसा अन् कोनी आलं तं त्याले घाबरवा,” शीला म्हणाली. “तुमाले हेच पायजे न?”

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. वर्षा कारखानीस नावाच्या बाई कुठल्याशा कलासंस्थेत होत्या. संस्था तीन महिन्यांसाठी प्रयोगशील कलावंतांना पुण्यात ठेवून घेणार होती, विदर्भातून एकच मंडळ घेणार होती, आणि बाईंनी शाळेतल्या कार्यक्रमाची चित्रफीत पाहिली होती. बुधवारी त्या प्रत्यक्ष ऐकायला येणार होत्या.

शीलानं हिशेब सोपा केला. बुधवारी बाईंनी निवडलं तर पुणं, नाहीतर गुरुवारी लोहारा आणि सायलेन्सर भंगारात. खेमसिंगनं अट मान्य केली. तशी ती त्याला विचारून घातलेलीच नव्हती.

रविवारी तो फैजच्या दुकानात जाऊन बसला.

“विहिरीतल्या बाईनं काम नाई भागत,” तो म्हणाला. “बाई घाबरली पायजे. पुन्याची बाई.”

फैज एका गाडीची चेन ताणत होता. “तुमी सोता कायले भेता?”

“शीलाले.”

“ते सोडून.”

खेमसिंगनं विचार केला. सहा वर्षांचा असताना तो एकदा खरा भ्याला होता. थोरल्या बहिणीचं लग्न होतं. तिनं आईच्या गळ्यात पडून ढावलो सुरू केला, आणि तो पळाला तो थेट घरातल्या कापसाच्या ढिगात शिरला. सापडला तेव्हा वरात नवरदेवाच्या गावाला पोचली होती.

तांड्यातली मुलगी सासरी निघताना रडत रडत जे गाते तो ढावलो. त्याला शब्द असतात, चाल असते, आणि लग्नाआधी जुन्या बाया मुलीला तो शिकवतात. मुलगी एकेकीच्या गळ्यात पडून गाते, ती बाई रडत उत्तर देते. या तांड्यात शिकवण्याचं काम खेमसिंगच्या आईकडे, हंसाबाईकडे होतं. तिनं आजवर साठेक मुलींना रडायला शिकवलं होतं. ज्या नीट रडल्या नाहीत त्यांची नावं तिला पाठ होती.

खेमसिंग संध्याकाळी आईपाशी गेला. बोलणं अर्थातच बंजाऱ्यांच्या गोरबोलीत झालं, पण त्याचा मतलब असा.

“याडी, ढावलो म्हनून दाखवतं का?”

“कोन चाललं?”

“कोनी नाई.”

“मंग कायले?”

“लोकाईले घाबरवाले.”

हंसाबाई ज्वारी निवडत होती, ती निवडत राहिली. “पोरगी जात असंन तं रडा. नाई तं रडू नोका. ढावलो झाला का कोनाले तरी जा लागते.”

आई गाणार नाही, एवढाच याचा अर्थ खेमसिंगनं घेतला. चाल त्याला लहानपणापासून कानात होती, शब्द निम्मे येत होते. सोमवार-मंगळवार दोघांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून तालीम केली. खेमसिंग गाणार, आणि हुंदक्यांच्या जागी फैज सायलेन्सर फुंकणार.

“पन तांड्यातल्या बायाईनं ओळखलं तं?” खेमसिंगनं विचारलं.

“सायलेन्सर असला का कोनाले काई समजत नाई,” फैज म्हणाला. सात वर्षांच्या अनुभवानं तो हे सांगत होता.

बुधवारी सकाळी अकरा वाजता सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर, कडुलिंबाखाली कार्यक्रम सुरू झाला. भीतीला ही वेळ बरोबर नव्हती, पण त्या आठवड्यात लाईट दिवसाचीच होती आणि माईकला लाईट लागते. वर्षाबाई पांढऱ्या गाडीतून आल्या. त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. त्यांनी मांडीवर ध्वनिमुद्रणाचं यंत्र ठेवलं. तांडा जवळपास सगळा आला होता. तूर सोंगायला अजून आठवडा होता.

‘विहिरीतली बाई’ झाली. वर्षाबाई “इंटरेस्टिंग” म्हणाल्या. ‘खविसाचं जेवण’ झालं. त्या पुन्हा “इंटरेस्टिंग” म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. शाळेत साहेब तपासणीला आले की वह्यांवर ज्या आवाजात ‘ठीक’ म्हणायचे तो आवाज खेमसिंगला ओळखू आला. शीला मंदिराच्या पायरीवर बसली होती. तिच्या हातात मोबाईल होता आणि त्यात संजयचा नंबर होता.

खेमसिंगनं थाळी बाजूला ठेवली आणि ढावलो धरला.

आवाज पहिल्याच ओळीला फाटला. फाटणं तालमीत ठरलेलं नव्हतं. त्याला गुरुवार दिसत होता, गेट दिसत होतं, खुर्ची दिसत होती. फैजनं ठरल्याप्रमाणे सायलेन्सर फुंकला. पत्र्याचा तो हंबरडा आंगणभर पसरला, आणि बायांच्या मागच्या रांगेतून लीलाबाई नावाच्या बाईनं त्याला उत्तर दिलं.

लीलाबाईनं विचार वगैरे केला नव्हता. समोरून ढावलो आला की गळा आपोआप चालतो. ती पदर डोळ्यांना लावत उठली, तिच्यामागं आणखी चौघी उठल्या. खेमसिंगला काही समजायच्या आत लीलाबाई त्याच्या गळ्यात होती. तिनं सोडल्यावर दुसरीनं धरला. दोघी तिघी फैजच्याही गळ्यात पडल्या. त्याला सायलेन्सर खाली ठेवता येईना, म्हणून तो फुंकत राहिला. खेमसिंगला तिसऱ्या कडव्याचे शब्द आठवेनात. गर्दीतून एक करडा आवाज आला आणि त्यानं चुकलेली ओळ दुरुस्त करून पुढं नेली. हंसाबाई आली होती. अर्धवट रडलेलं तिला खपत नसे.

पाऊण तास हे चाललं. वर्षाबाईंनी रुमाल काढला होता आणि यंत्र मांडीवरून खाली मातीत पडलेलं त्यांना कळलंही नव्हतं.

मग बाया थांबल्या. नाकं पुसली. लीलाबाईनं इकडंतिकडं पाहिलं.

“पोरगी कोनती व?” तिनं विचारलं.

प्रत्येकीनं शेजारणीकडे बोट दाखवलं.

“अवो, कोन चाललं?”

“कोनीच नाई,” खेमसिंग म्हणाला. “कार्यक्रम होता.”

किसनसिंग नाईक काठी टेकत पुढं आले. तांड्याचे निवाडे तेच करत. पोरीविना ढावलो झाला तर काय, याचा नेम दुसऱ्या तांड्यांत असेल-नसेल, इथं होता; पण त्याचा उपयोग करायची वेळ आली नव्हती, कारण इतका शहाणा माणूस आजवर निपजला नव्हता.

“हंसाबाई, आता का होते?” त्यांनी विचारलं.

“रडनं उरते,” हंसाबाई म्हणाली. “दिवस बुडाच्या आत कोनी गावाची शीव ओलांडली नाई, तं ते घर पाहत फिरते. ज्या दारात थांबंन त्या घरचं मानूस नेते.”

ती हे ज्वारीचा भाव सांगावा तशी बोलली. लग्नाच्या वयाच्या मुलींनी माना खाली घातल्या. आयांनी त्यांची मनगटं धरली. एका बाईनं आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि भराभरा जाऊन ते लावून आली. वर्षाबाईंनी पाय वर खुर्चीत घेतले. खेमसिंगनं हे सगळं पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा चकवाच्या कार्यक्रमाला लोक घाबरले होते. त्याला त्याचा आनंद घेता आला नाही, कारण सगळ्यांत जास्त तोच घाबरला होता.

“ढावलो कोनाच्या तोंडून निंगाला?” नाईकांनी विचारलं.

सगळ्यांनी खेमसिंगकडे पाहिलं.

“मंग पोरगी हेच.”

“नाईक, मी चाळीस वर्षांचा हावो. लेकरंबाळं हायेत मले.”

“उशीर झाला म्हना,” नाईक म्हणाले. “पन होऊन जाईन.”

शीला पायरीवरून उठली. “आजच जाऊ द्या त्याईले. लोहाऱ्याले. माह्या भावाले मी आत्ता फोन लावतो.”

खेमसिंगला ते पटण्यासारखं वाटलं, आणि तेच त्याला सहन होईना. त्यानं आईकडे पाहिलं. लहानपण सोडता आजवर त्यानं तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. हंसाबाईनं त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. तिसऱ्या कडव्यात तो चुकला होता, पण रडला खरा होता.

“पोरगी आपल्या मनानं घर निवडत नाई,” ती म्हणाली. “न्याले जो येते त्याच्या घरी जाते. न्याले कोन आलं?”

तांड्यानं पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. मग वर्षाबाईंकडे.

“हे बघा,” वर्षाबाई म्हणाल्या, “तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी फक्त ऐकायला आलेय. निवड समिती करते. मला समितीला विचारावं लागेल.”

“विचारा न,” नाईक म्हणाले. “पोरगी गाडीत बसवा अन् विचारा. तीन महिन्यानं आमी आनाले येऊ.”

“पण असं कसं एका माणसाला…”

“एकटी नाई पाठवत आमी,” हंसाबाई म्हणाली. “पाठराखीन लागते.”

फैज सायलेन्सर पुसत उभा होता. सगळे आपल्याकडे का पाहताहेत हे त्याला जरा उशिरा कळलं. मग त्यानं घरी दादीला, हुस्नाबीला फोन लावला आणि पुण्याला चाललो म्हणून सांगितलं. कशासाठी, असं तिनं विचारलं. “लग्नात,” तो म्हणाला, आणि यात त्याच्या मते खोटं काही नव्हतं.

वर्षाबाईंनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा हंसाबाईकडे, आणि डिकी उघडून दिली.

निरोपाचा ढावलो पुन्हा झाला, या वेळी सायलेन्सरशिवाय. शीलाची पाळी शेवटी आली. ती खेमसिंगच्या गळ्यात पडली आणि एवढी रडली की रीत कुठं संपली आणि रडू कुठं सुरू झालं ते त्याला सांगता आलं नसतं. रडता रडता तिनं त्याच्या कानात दोन गोष्टी सांगितल्या. संजयला ती ‘नाही’ म्हणून कळवेल. आणि थाळी घासायला पुण्यात चिंच मिळंल न मिळंल, पिशवीत टाकली आहे.

“मी नसलो तं भेव नाई वाटनार?” त्यानं विचारलं.

“तुमी होते तवा कुठं वाटत होतं,” शीला म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

गाडीनं शीव ओलांडली तेव्हा चार वाजले होते. मागच्या सीटवर खेमसिंग, फैज आणि मध्ये सायलेन्सर, अशी बसायची व्यवस्था होती. आर्णीच्या चौकात वर्षाबाईंनी गाडी बाजूला घेऊन पुण्याला फोन लावला.

“हो सर, ऐकलं,” त्या म्हणाल्या. “नाही, निवड नाही केली. दिलेत मला… दोघं. आत्ता गाडीतच आहेत… नाही सर, परत नाही करता येत. मी विचारून पाहिलं.”