उतरता डावा खांदा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पण चौकात उभं राहून कबुतरांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या थोर पुतळ्यांतला मी नव्हे. मी शिवणकामाचा पुतळा. मला डोकं नाही, हात नाहीत, आणि पाय म्हणाल तर लोखंडाची एकच दांडी आहे, ती तीन फाट्यांवर उभी. मानेच्या जागी लाकडाची गुळगुळीत टोपी बसवलेली आहे. मला पाहून लहान मुलं दचकतात. त्यात त्यांची काही चूक नाही.

माझा जन्म एका लांबट, अंधाऱ्या कारखान्यात झाला. तिथला टकला कारागीर खळ लावलेल्या कागदाचे थर साच्यावर चढवायचा आणि ते वाळले की वरून जाड कापड ताणून शिवायचा. आम्ही दहाबारा जण ओळीने उभे असायचो, सगळे छाती काढून, सगळे अगदी सारखे. तेव्हा मी कुणा माणसासारखा नव्हतो आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

बाईंनी मला घरी आणलं तेव्हा त्यांचं वय पंचविशीचं होतं. त्या बायकांचे लोकरी कोट शिवायच्या. रस्त्याकडच्या खोलीत एका खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचं मेज, कोपऱ्यात उभा आरसा आणि दुसऱ्या खिडकीत मी. सगळी गल्ली त्यांना कोटवाल्या बाई म्हणायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "चला, मध्ये न बोलणारं कुणीतरी या घरात आलं एकदाचं."

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत राहिल्या. तोंडात टाचण्या धरून बोलायच्या, त्यामुळे निम्मं मलाही कळायचं नाही.

गिऱ्हाइकांच्या मापाप्रमाणे माझ्यावर कापसाचे थर चढायचे, उतरायचे. आज मी डॉक्टरीणबाई, तर उद्या कुणाची तरी जाडजूड आत्या. पण दिवसाचं काम संपलं की बाई मला पुन्हा स्वतःच्या मापावर आणून ठेवत. कोटांची जड पिशवी डाव्या खांद्याला अडकवून त्या वर्षानुवर्षं घरोघर कपडे पोचवत होत्या, त्यामुळे त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. माझे खांदे तर कारखान्यातून सरळच आलेले. म्हणून त्यांनी कापसाची एक चपटी, करड्या कापडाची गादी शिवली आणि ती माझ्या उजव्या खांद्यावर टाचली. गादी बसली आणि माझाही डावा खांदा खाली दिसू लागला. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणीतरी झालो, मित्रांनो. मी बाई झालो.

आता स्वतःचा कोट स्वतः शिवणाऱ्या माणसाची एक मोठी अडचण असते. छाती, कंबर, मनगट, सगळं आपलं आपल्याला मोजता येतं, पाठ मात्र मोजता येत नाही. लेक तान्ही असतानाच बाईंचा नवरा वारला होता. मग लेक सात वर्षांची झाली तशी बाईंनी तिला स्टुलावर उभं केलं आणि तिच्या हातात टेप दिली. तेव्हापासून दर वर्षी थंडीच्या तोंडावर हा कार्यक्रम ठरलेला. छातीचं मापही टेप मागून आवळून लेकच घ्यायची. लेकीने मोठ्याने आकडा सांगायचा, बाईंनी वहीत लिहायचा आणि त्याप्रमाणे माझ्यावरचा कापूस कमीजास्त करायचा. एका वर्षी आई जाड झाली म्हणून लेकीने लाजून एक इंच कमी सांगितला. कोट पाठीत आवळला. बाईंनी तो अख्खा उसवला, लेकीला जवळ बसवलं आणि समजावलं, की बायकांची मनं राखायला आपल्याला तोंड आहे, पण टेपवर जेवढं दिसतं तेवढंच सांगायचं. लेकीने पुढे तीस वर्षं तो शब्द पाळला. मोठी होऊन ती त्याच खोलीत आईशेजारी मशीन चालवू लागली. तिला मुलगी झाली. ती दिवसभर गरगर फिरायची, म्हणून आजीने तिचं नाव भिंगरी पाडलं.

भिंगरी दमली की स्टुलावर चढायची आणि मेजाशी उभ्या असलेल्या आजीच्या डाव्या खांद्यावर गाल टेकायची. त्या उतारावर तिचा गाल बरोबर बसायचा. बाई तशाच उभ्या राहून एका हाताने टाके घालत राहायच्या.

मग बाई आजारी पडल्या. डॉक्टरांनी लेकीला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. तिने घरी येऊन आईला सांगितलं, की साधी अशक्तपणाची गोष्ट आहे, खाल्लंप्यालं की भरून येईल. थंडी जवळ आली होती. बाई म्हणाल्या, माप घे. लेकीने मागे उभं राहून टेप आवळली. टेप माझ्या अंगावरून हजार वेळा फिरलेली आहे, आकडा कळायला मला डोळे लागत नाहीत. बत्तीस होता.

"किती?" बाईंनी विचारलं.

"अडतीस," लेक म्हणाली. "गेल्या वर्षीइतकंच."

बाईंनी वही पुढ्यात ओढली. मग त्यांनी वहीत अडतीस लिहिलं आणि यंदा नवा कोट शिवायचा म्हणाल्या, निळ्या लोकरीचा.

चार दिवसांनी लेक औषधं आणायला गेली होती, भिंगरी शाळेत होती. भर दुपारी बाई माझ्यापाशी आल्या. आधी त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावरची गादी काढली. मग छातीवरचा कापसाचा एक थर काढला. मला वाटलं, लेकीचं खोटं यांनी ओळखलं आणि आता मला खऱ्या मापावर आणताहेत. पण त्या एकाच थरावर थांबल्या. बत्तीसपर्यंत यायला आणखी दोन थर काढावे लागले असते. मग खाली बसून त्यांनी दांडीचा पेच सैल केला, मला दोन बोटं वर उचललं आणि पेच पुन्हा आवळला. एवढ्यात त्यांना दोनदा स्टुलावर बसावं लागलं. का केलं हे सगळं, मला काही उमगलं नाही. एवढंच कळलं, की मी आता बाईंसारखा राहिलो नव्हतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं. तुला तोंड नाही तेच बरं."

महिनाभर त्या तो कोट शिवत होत्या. लेक मदतीला आली की तिला हाकलायच्या. कोट झाला त्या दिवशी त्यांनी तो घालून आरशात पाहिलं. खांदे उतरून दंडांवर आले होते आणि बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. लेक म्हणाली, छान बसलाय. बाई म्हणाल्या, बसलाय ना, मग झालं. दोघी आरशात एकमेकींकडे पाहून हसल्या. मी मागे उभा होतो.

थंडी सरायच्या आत बाई गेल्या.

त्यानंतरचे महिने मला सांगवत नाहीत, पण सांगायला हवेत. लेकीने तो निळा कोट माझ्या अंगावर चढवला. तो मला चपखल बसला. पुतळा अडतीसचा, कोटही अडतीसचा, मग बसणारच, असा तिचा समज. आजारापूर्वीची आपली आईच खिडकीत उभी आहे असं तिला वाटलं. रोज सकाळी ती माझी बटणं लावायची आणि दिवेलागणीला काढायची. मशीनवर दोन कप चहा ठेवायची, आणि एक तसाच निवून जायचा. गिऱ्हाइकांची कापडं चिठ्ठ्या लावून मेजावर पडून होती, त्यांना तिने कात्री लावली नाही. समोरच्या घरातले म्हातारे मास्तर रोज बाईंना हात करायचे. एका संध्याकाळी त्यांनी सवयीने खिडकीकडे हात केला आणि मग तो खाली घ्यायचंच विसरले. भिंगरी खोलीतून जाताना भिंतीला पाठ लावून, माझ्यावरची नजर न हलवता जायची.

आणि रोज दुपारी लेक माझ्यासमोर बसून एकच गोष्ट म्हणायची. "आई, शेवटचं माप मी तुला खोटं सांगितलं. फसवलं तुला. तू विश्वास ठेवलास माझ्यावर." मग ती वाट पाहायची. कशाची, ते तिलाच ठाऊक. मी कागदाचा आणि कापडाचा, मी काय बोलणार? खरं सांगतो, त्या दिवसांत मलाही भीती वाटायची. दुसऱ्या कुणाच्या जागी आपल्याला उभं केलंय आणि ते माणूस तर आपल्यात कुठेच नाही, असं वाटत राहायचं.

एका दुपारी भिंगरीने धीर केला. तिने स्टूल ओढलं, वर चढली, डोळे घट्ट मिटले आणि माझ्या डाव्या खांद्यावर गाल टेकला. लगेच उचलला. पुन्हा टेकला. मग डोळे उघडून म्हणाली, "आई, ही आजी नाहीये."

लेक उठली आणि तिच्यावर चिडली. भिंगरी रडकुंडीला आली, पण मागे हटली नाही. "आजीचा हा खांदा खाली होता. इथं माझा गाल बसतच नाही. ही आजी नाहीये गं."

लेकीने पहिल्यांदा मला नीट पाहिलं. माझ्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले. सरळ होते. उजवीकडे गादी नव्हती. तिने भराभर कोट काढला, टेप उचलली आणि माझ्या छातीला आवळली. अडतीस नव्हतं, छत्तीस होतं. तिचे हात थांबले. तो आकडा तिच्या ओळखीचा होता.

"तू घालून बघ," भिंगरी म्हणाली.

तिने कोट घातला आणि आरशासमोर उभी राहिली. खांदे खांद्यांवर, बाह्या मनगटावर, पाठीला एक सुरकुती नाही. आईपेक्षा दोन बोटं उंच आणि सरळ खांद्यांची ती. तिचं माप घ्यायला बाईंना टेप कधीच लागली नव्हती. तिने सवयीने आतल्या खिशात हात घातला तर हाताला काहीतरी मऊ लागलं. करड्या कापडाची, चपटी झालेली ती गादी होती. उजव्या खांद्यावरची.

इतके महिने खिडकीत ती स्वतःच उभी होती. मास्तरांनी हात केला होता तो तिलाच. रोज बटणं लावत होती तीही स्वतःचीच.

ती खाली बसली आणि गादी तोंडाशी धरून रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि मला एका शब्दाने बोलली नाही." भिंगरी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेजावरच्या पहिल्या कापडाला कात्री लागली. थंडी पुन्हा जवळ आली तेव्हा लेकीने भिंगरीला स्टुलावर उभं केलं, तिच्या हातात टेप दिली आणि बजावलं, की दिसेल तेच सांगायचं, आईला बरं वाटावं म्हणून एक सूतभरही इकडचं तिकडे नाही. भिंगरीने जीभ बाहेर काढून आकडा वाचला. बरोबर होता.

आता दिवसभर मी गिऱ्हाइकांचा असतो. दिवेलागणीला काम संपलं की लेक डब्यातून ती गादी काढते आणि माझ्या उजव्या खांद्यावर टाचते. भिंगरी येऊन गाल टेकते, शाळेतलं काहीबाही सांगते. समोर मास्तर हात करतात. त्यांना ठाऊक आहे मी कोण ते, तरी करतात. तेवढा वेळ बाई माझ्यात येतात, असं मी म्हणत नाही. पण तेवढा वेळ मला भीती वाटत नाही.

मित्रांनो, मला जपा, धूळ झटका, वाळवीपासून सांभाळा, हे तर मी मागेनच. पण त्याआधी एक करा. आज घरी गेलात की आपल्या आईच्या, आजीच्या मागे जाऊन उभे राहा. तिची पाठ तिला स्वतःला कधी दिसत नाही. कोणता खांदा खाली आहे, तेवढं बघून ठेवा.