तोंडात गवत कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घंटा आहे. आफ्रिकेतल्या मसाई जमातीच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले. मला घेताना कोइनेट या गुराख्याने आधी हातांना चरबी चोळली. विटाळ होतो म्हणून लोहाराच्या हातची वस्तू तशीच उचलू नये, अशी इथली रीत. माल हवा, माणूस नको! मला त्याचा फार राग आला होता.

कोइनेटने मला त्याच्या कबऱ्या गायीच्या गळ्यात बांधले. ती कळपाच्या पुढे चाले आणि मी ‘न्गोरो, न्गोरो’ वाजत असे. आमच्या या आवाजावरूनच न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराला नाव पडले, असे म्हातारे सांगतात. तेव्हा खारी माती चाटायला गुरे विवरात उतरवायची मुभा होती.

एकदा उतारावर सिंहाचे ताजे माग दिसले. कोइनेट घाबरला. त्याने मूठभर गवत माझ्या तोंडात कोंबले.

“दादा, हिचं तोंड बंद केलंस तर मागची गुरं कुणामागं येणार?” धाकटा भाऊ सिरोंका म्हणाला.

“मग काय वाजतगाजत सिंहाच्या दारात जायचं? गप चल, शहाण्या!”

थोड्याच वेळात दाट धुके उतरले आणि कळप फुटला. मागे राहिलेले वासरू आणायला सिरोंका गेला, तो परत दिसेना. मग खालून त्याची हाक आली. त्याच बाजूने सिंहिणीची गुरगुरही आली. कोइनेट ओरडला, पण एकेका हाकेवरून सिरोंकाला दिशा कळेना.

“दादाऽ, घंटा वाजव ना!”

मी वाजले तर भाऊ येणार होता, आणि सिंहीणही. कोइनेट कबरीकडे धावला. गवत ओलाव्याने फुगून घट्ट बसले होते. त्याने ते बोटांनी आणि शेवटी दातांनी ओढून काढले. कबरीने मान हलवली. मी जिवाच्या आकांताने वाजू लागले.

आधी गुरे आली. मग वासरू खांद्यावर घेतलेला सिरोंका आला. पाठोपाठ सिंहीण आली आणि माझ्या आवाजावरच झेपावली. भावांनी भाले उगारून तिला हुसकावले, पण तोवर कबरीचा जीव गेला होता.

तेव्हापासून मी खांबाला टांगलेली आहे. “ही वाजली की कबरीची मान दिसते रे,” असे कोइनेट म्हणतो. माझ्यावर गंज चढला आहे. कबरीची कालवड आता कळपाच्या पुढे मुकाट चालते, आणि सिरोंका अजूनही सगळ्यांच्या मागे असतो.

मित्रांनो, कोइनेटला कुणीतरी समजवा. माझा गंज घासा, मला त्या कालवडीच्या गळ्यात बांधा आणि वाजू द्या. धुक्यात मागे राहिलेल्याला वाट कोण दाखवणार?