मोरीच्या जाळीची शपथ

मित्रांनो, ओरडून सांगते, माझा शब्दन् शब्द खरा आहे! खोटं बोलत असेन तर माझी सगळी भोकं बुजोत. जाळीनं याहून मोठी शपथ कुठली घ्यायची?

मी चाकणच्या एका फ्लॅटच्या मोरीतली जुनी जाळी. पाणी जिथून खाली जातं, तिथं बसलेली. जन्म भोसरीच्या एका शेडमधला. प्रेस धाडकन अंगावर पडला नि मला भोकं पडली. किसन मिस्त्रीनं फरशीत बसवलं तेव्हा म्हणाला, "काय चमकते राव! हिच्यात बघून दाढी करावी." तेवढंच काय ते कौतुक.

पुढं कंपनीतली पोरं भाड्यानं आली. शी! केस, साबणाचा गाळ, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या. एकानं तर उरलेल्या नूडल्स ओतल्या. माझ्याखाली एक झुरळ राहायला आलं, मांजराएवढं! रोज मिशांना पीळ देऊन विचारायचं, "आजी, आज जेवायला काय?" ओकारी यायची, पण इतकी तोंडं असून मला ओकता येईना.

मग हा फ्लॅट समर्थ आणि स्वरूपानं विकत घेतला. राहायला आले त्याच दिवशी पूजा. तोरण लागलं, उंबऱ्यावर स्वस्तिक निघालं, शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं. पूर्वेला सांडलं म्हणून टाळ्या वाजल्या. नंतर ते चिकट दूध पुसून बादली माझ्यावर ओतली. मला उचलून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

झालं! मोरी तुंबली. काळं, आंबूस पाणी हॉलकडे निघालं. तिकडे चौरंग मांडलेला, प्रसादाचा शिरा झाकलेला आणि पाहुणे तळेगावहून निघालेले. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर नाचक्की! स्वरूपा रडकुंडीला आली.

"समर्थ, हात घाल ना!"

"मी? मी पूजेला बसतोय! प्लंबरला फोन लावतोय ना."

"तो येईस्तोवर शिरा पोहायला लागेल," समर्थची आई, सावित्रीबाई म्हणाल्या. "घर घेताना बाल्कनीतून डोंगर बघितलात. मोरी कोण बघणार, तुमचा एजंट?"

स्वरूपानं पैठणी वर खोचली, हाताला कॅरीबॅग बांधली, नाक दाबलं नि मला उचललं. खालून केसांचा असा दोर निघाला, की त्याचं दुसरं टोक आकुर्डी स्टेशनात होतं!

"ई! कुणाचे हे केस?"

"आता तुझेच," सावित्रीबाई म्हणाल्या. "घर तुझं ना? ओढ!"

तिनं ओढला. पाणी रांगोळीला टेकलं होतं, तिथूनच भसकन मागं फिरलं. पाहुणे आले, शिरा खाल्ला, घराचं कौतुक केलं. तेव्हापासून स्वरूपा दर रविवारी मला उचलते, ब्रशनं घासते, वर गरम पाणी ओतते.

म्हणून मित्रांनो, नव्या घरात गेलात की दूध नंतर उतू जाऊ द्या, आधी मोरीची जाळी उचला. किळस येते? येऊ दे. मला रोज येते, आणि ती घाण तुमचीच असते.

बरं, आता कबूल करते. झुरळ खरं. दोर खरा, अगदी आकुर्डीपर्यंत. फक्त ते दर रविवारचं मी रचलं. त्या दिवसानंतर मला कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

शपथ बाधली बघा. कडेची भोकं बुजायला लागलीत. आणि मधल्या भोकातून पुन्हा मिशा वर आल्यात.

"आजी, जेवायला काय?"