कापसाचं टोक

आधी वास आला.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्री करत असलेली ती दचकली आणि तिनं हातातली इस्त्री झटकन उचलली. कुणाचा तरी शर्ट गेला, आता मालक सगळ्यांदेखत उद्धार करणार, या धास्तीनं तिनं टेबलावरचं कापड उलटसुलट करून पाहिलं. कापड पांढरंशुभ्र होतं. पलीकडे चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशीनं नाक वर केलं आणि विचारलं, की काय गं करपतंय, कुणावर जळतेस एवढी? ती हसली. हसता हसता तिची नजर स्वतःच्या डाव्या हातावर गेली आणि हसू ओठांवरच सुकलं.

टेबलाच्या कडेला दुसरी इस्त्री तापत उभी होती. तिच्या गरम पत्र्याला कोपराखालचा हात टेकलेला होता. अजूनही टेकलेलाच होता.

तिनं हात ओढून घेतला. कातडी सोललेल्या फळासारखी लाल, ओली झाली होती. आणि दुखत नव्हतं.

दुखायला हवं होतं. तिनं वाट पाहिली. चटक्याच्या कडेकडेनं जरा हुळहुळलं, पण मधोमध काही नाही. जणू तो हात टेबलावर कुणी विसरून गेलं होतं. तिनं बाही खाली ओढली आणि मावशीला सांगितलं, की दोऱ्याचं टोक जळलं. मग पुढचा शर्ट घेतला. कॉलर, खांदा, पाठ. इस्त्री सरळ चालत होती.

भाजलं होतं तिथला डाग तिला आधीपासून माहीत होता. बशीच्या तळाएवढा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका, खरखरीत. इस्त्रीच्या खोलीत अंगभर घामाच्या धारा लागायच्या, तेव्हाही तेवढा तुकडा कोरडा राहायचा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. तिनं त्याला तेल लावून पाहिलं होतं, मलम चोळून पाहिलं होतं, आणि शेवटी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. आजाराचं नाव तिनं मनातसुद्धा घेतलं नव्हतं. घेतलं तर तो ओ देईल, अशी भीती.

नाव मात्र तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तोच आजार झालेली तिची आत्या माहेरच्या घरात मागच्या खोलीत राहायची. आत्याची ताटली वेगळी, कड चेपलेली. उंबऱ्याशी ठेवायची आणि पायानं आत सरकवायची. आत्या गोड गळ्यानं गायची, म्हणून लहानगी ती लपूनछपून तिच्याजवळ जायची. बाहेर आली, की आई दंडाला धरून नळाखाली न्यायची आणि हात लाल होईस्तोवर घासायची. तो नळ नेमका आत्याच्या भिंतीपलीकडे होता. पाणी सुरू झालं, की आतलं गाणं थांबायचं. पाणी बंद होईपर्यंत आत्या खोकतसुद्धा नसे.

आता तिची स्वतःची मुलगी तेरा वर्षांची होती. आणि तिच्या शाळेत निघाला होता आरोग्य क्लब.

क्लब म्हटल्यावर मावशीला वाटलं होतं, पोरी आता वजनं उचलून दंड फुगवणार. तसलं काही नव्हतं. विज्ञानाच्या बाई आणि पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या नर्सबाई, दोघींनी मिळून मुलामुलींची टोळी जमवली होती. ही टोळी शाळेच्या पाण्याच्या टाकीत डोकावायची, नखं बघायची, वजन-उंची मोजायची, भिंतीवर अक्षरं लावून एकमेकांचे डोळे तपासायची. कुणाला झोप लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर ते कुणापाशी बोलायचं, हेही तिथं शिकवत. मुलगी खिशाला बिल्ला लावून घरी यायची आणि जे शिकली ते आईवर करून बघायची. बाप ट्रक घेऊन महिना महिना लांब, त्यामुळे रोगी म्हणून घरात आईच. आई तिला डॉक्टरीणबाई म्हणायची, आणि मुलगीही गंभीर चेहरा करून “जीभ दाखवा” म्हणायची.

हात धुवायचं एक गाणं क्लबनं बसवलं होतं. गाणं संपेपर्यंत हात चोळत राहायचे.

पहिला फेस तळहाताला,
दुसरा बोटांच्या बेचक्याला,
तिसरा फेस नखानखाला,
हात चालले जेवायाला.

शेवटची ओळ कामाप्रमाणे बदलायची. घाणीतून आल्यावर ‘हात विसरले मळाला’, आणि कुणाची जखम बांधायची असेल तर ‘हात चालले दुखऱ्याला’. आईला ते फार आवडायचं. भांडी घासताना तीही गुणगुणायची.

चटका बसला त्याच आठवड्यात मुलगी नवीन धडा घेऊन आली. जेवताना ती भराभरा सांगत सुटली, की अंगावर फिकट डाग असेल, आणि तिथं कापसाचं टोक लागलेलं कळत नसेल, तर दवाखान्यात दाखवायचं. गोळ्या असतात, नीट घेतल्या की बरं होतं, लवकर गेलं तर हातापायाला काही होत नाही. कुणाकडे डाग सापडला तर ओरडायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. आणि आता घरच्या सगळ्यांना तपासून यायचं होतं.

आईच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं विचारलं, की त्या आजाराला काय म्हणतात. मुलीनं नाव घेतलं, सहज, सर्दीचं नाव घ्यावं तसं. आईनं दाराकडे पाहिलं. शेजारी ऐकलं तर नाही ना?

त्या दिवशी तिनं भांड्यांचं निमित्त काढलं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाली, तेव्हा डोकं मात्र खोटं दुखत नव्हतं. बाहीखाली फडकं बांधलेलं होतं. ते ओलं व्हायचं, वाळायचं, चिकटायचं, आणि कळायचं काहीच नाही. लाँड्रीत मावशी जवळ आली, की ती इस्त्रीचं टेबल फिरून पलीकडे जायची. मालक उंच आवाजात कुणालाही बोलला, की तिला वाटायचं, कळलं. इतक्या लोकांचे कपडे तिच्या हाताखालून जात होते. कळलं तर हा हात कोण लावू देईल कपड्यांना? आणि कपडे राहू देत. रोज सकाळी वेणी घालून घ्यायला मुलगी तिच्या पुढ्यात पाठ करून बसायची. उद्या ती अशी बसायला आलीच नाही तर?

रविवारी संध्याकाळी, ऊन भिंतीवरून उतरत असताना, मुलीनं तिला खिडकीपाशी गाठलं.

“आज पळायचं नाही,” ती म्हणाली. “सगळ्यांचं झालं, माझंच राहिलंय.”

“मला काय धाड भरलीये? तुझ्या बाईंना सांग, आई ठणठणीत आहे.”

“सांगते. आधी बाही वर कर.”

उजवा हात झाला. कापसाच्या बारीक टोकाचा स्पर्श, जणू मुंगी थांबून पुढं गेली. लागलं की ‘हं’ म्हणायचं होतं. ती दर वेळी म्हणाली, आणि खरं म्हणाली.

डाव्या हाताचं फडकं बघून मुलगी थबकली. इस्त्रीचा चटका, असं आईनं हसत सांगितलं. दुखत नाही का, असं मुलीनं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, दुखतंय की. मग फडक्याच्या कडेनं बाहेर दिसणारी फिकी कातडी बघून मुलीनं तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

पापण्यांच्या फटीतून बघायचं तिनं ठरवलं होतं. ती वाट बंद झाली. आता अंधार, आणि जवळ मुलीचा श्वास. तिनं कान टवकारले. मुलगी कापूस टेकवताना श्वास रोखायची आणि उचलला की सोडायची. आईनं ते पकडलं. चोरासारखी ती त्या श्वासामागून चालू लागली.

श्वास थांबला.

“हं.”

सुटला. पुन्हा थांबला.

“हं.”

जमतंय, तिला वाटलं. अजून दोन-चार वेळा, मग ही पोर उठेल, बाईंना सांगेल, की माझी आई ठणठणीत आहे, आणि मग कुणी कधी विचारणार नाही.

श्वास थांबला. या वेळी जरा जास्तच.

“हं,” ती म्हणाली.

खोलीत काहीच हललं नाही.

“आई,” मुलगी अगदी हळू म्हणाली. “मी कापूस लावलाच नव्हता.”

बोलायला हजार गोष्टी होत्या. चुकून म्हटलं, पंख्याचा वारा लागला. त्यातली एखादी ती सांगणार, तोच मुलगी उठल्याचं तिला ऐकू आलं. पावलं खोलीतून गेली, पलीकडे नळाशी थांबली, आणि पाणी सुरू झालं.

तिनं टॉवेल काढला नाही. काढून काय बघायचं होतं? भिंतीपलीकडे पाणी होतं आणि अलीकडे ती होती. आत्या अशीच बसत असेल. तिच्या आईनं घासलेले ते लाल तळवे आता तिला आठवले, आणि त्या तळव्यांपेक्षा जास्त आठवली ती भिंतीपलीकडची शांतता.

साबण हातात चुळचुळला. मुलीनं गाणं धरलं. आवाज बारीक होता, थरथरत होता.

पहिला फेस तळहाताला.

घासतेय. धू बाई, नीट धू. चूक नाही तुझी.

दुसरा बोटांच्या बेचक्याला.

तिच्या स्वतःच्या बोटांनी पदर गच्च धरला होता. आता एकच ओळ, मग शेवटची. आणि शेवटच्या ओळीत तिला कळणार होतं, मुलीच्या लेखी ती काय आहे. पळून जावंसं वाटलं. कानांत बोटं घालावीशी वाटली. ती तशीच बसून राहिली, श्वास रोखून, मघाशी मुलीनं रोखला होता तसा.

तिसरा फेस नखानखाला.

मुलगी थांबली. पाणी वाहत राहिलं. हुंदका होता की नाकच ओढलं होतं, ते पाण्याच्या आवाजात कळेना.

हात चालले दुखऱ्याला.

नळ बंद झाला.

पावलं परत आली. फरशीवर वाडगा ठेवल्याचा आवाज झाला, आणि डोळ्यांवरचा टॉवेल सुटला. समोर मुलगी होती, रडून नाक लाल झालेलं, हात कोपरापर्यंत ओले. तिनं फडक्याची गाठ धरली तशी आईनं हात मागं ओढला.

“नको. तू लावू नकोस हात.”

“धुतलेत मी हात,” मुलगी जरा चिडून म्हणाली. “बघ ना. जखमेला मळका हात लावायचा नसतो.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मुलगी फडकं भिजवून भिजवून सोडवत होती. जखम उघडी पडली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला, पण तोंड वाकडं झालं नाही. तिचे ओठ हलले. आईला कळलं, पोर मनातल्या मनात क्लबचा धडा म्हणतेय, अंधारात जाताना पोरं काहीबाही म्हणतात तसा.

“तुला भीती वाटतेय,” आई म्हणाली.

“खूप.”

“मग माझी ताटली...” तिची नजर फरशीवरच्या वाडग्यावर गेली. “वेगळी ठेवते मी. आजपासून.”

“कसली ताटली?”

मुलीला खरंच कळलं नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं तिला ते. आईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग तिनं विचारलं, की दवाखान्यात नाव मोठ्यानं पुकारतात का. मुलीला ते ठाऊक नव्हतं. बाईंना विचारते म्हणाली, हळूच विचारते, आणि सकाळी आपण दोघी जाऊ. रांगेत ओळखीचं कोण भेटेल, मालक काय म्हणेल, मावशी काय म्हणेल, ट्रकवरून परतलेला नवरा दारात चपला काढताना काय म्हणेल, हे सगळं तिच्या डोक्यात फिरून गेलं. तरी ती म्हणाली, की जाऊ.

मुलगी आईचा हात पुसत वर वर येत होती. थंड, ओली बोटं मनगटापासून निघाली, एकेक कळत होती. डागाच्या कडेशी आली आणि नाहीशी झाली. आई निश्चल बसली. मुलीचा हात तिच्या हातावरून फिरताना डोळ्यांना दिसत होता, पण आत नुसता अंधार होता, आवाज नाही, हालचाल नाही.

ती वाट पाहत राहिली. मग कोपरापाशी, डागाच्या पलीकडच्या कडेला, बोटं पुन्हा जाणवली.

“हं,” आई म्हणाली.