हुडहुडीचा दिवस

"गेला! गेला! ताप गेला हो!" असं किंचाळत सायलस ग्रिग्ज लोहार बाकावरून जो उडाला, तो थेट पुढच्या बाईच्या टोपीवर. टोपी चेपली, बाई कोलमडली. पण तिनंही मनाला लावून घेतलं नाही. पडल्या पडल्याच तिनं हात वर केले आणि ती "हालेलुया" म्हणू लागली. मग तिच्या शेजारची लोळली, तिच्या मागची लोळली, आणि बघता बघता हॅकेटच्या धक्क्यावरच्या वस्तीतली निम्मी बायामाणसं ओकच्या राईतल्या पाचोळ्यात गडबडा लोळायला लागली.

मंचावर पाद्री स्ट्राउड कोट काढून उभा होता. माणूस धिप्पाड, आवाज आगबोटीच्या भोंग्यासारखा.

"ग्रिग्ज, लेकरा, काल काय करत होतास?"

"कापत होतो, पाद्रीबाबा! खाट हलत होती!"

"आणि आज?"

"आज नाही कापत!"

"कुणी थांबवलं?"

"प्रभूनं!"

"आणि प्रभूला कुणी बोलावलं?" स्ट्राउडनं नम्रपणे मान खाली घातली. लोकांनी काय ते ओळखलं.

शेवटच्या बाकावर लोविना बसली होती. मांडीवर तिचा चार वर्षांचा लायमन, शेजारी सासूबाई. लोविनाचा नवरा ऑरिन प्रुइट आगबोटीवर कामाला. गेला की महिना महिना परतत नसे. लग्नाआधी ती ओहायोतल्या मुलींच्या कॉलेजात शिकली होती आणि ही गोष्ट सासूबाईंनी अजून माफ केली नव्हती.

मिसिसिपी नदी इथं वळते आणि वळणाच्या कुशीत दलदल सोडून जाते. त्यामुळे धक्क्यावर ताप नाही असं घर नव्हतं. एक दिवस हुडहुडी, एक दिवस मोकळा, पुन्हा हुडहुडी. ज्याला त्याला आपला दिवस पाठ. भेटल्यावर लोक विचारत, "तुमचा आज की उद्या?" लग्नाच्या तारखा दोघांचे मोकळे दिवस पाहून धरत. नवराबायकोचे दिवस वेगवेगळे असले तर फार चांगलं मानत. गाईची धार काढायला एक तरी जण उभा राहायचा. आणि हुडहुडीच्या दिवशी कुणी चार माणसांत जात नसे. दात वाजवत लोकांपुढे बसणं वाईट दिसतं.

"ताप कुठून येतो?" स्ट्राउड गरजला. "दलदलीतून? चूक! सैतानाच्या नाकपुडीतून! आणि त्यावर तुम्ही काय घेता? कोयनेल! कडूजहर कोयनेल! अहो, प्रभूनं कधी कडू वस्तू बनवली आहे का?"

लोविनाला परसातल्या कडू काकड्या आठवल्या.

"घरात कोयनेलची बाटली आणि ओठावर प्रार्थना? प्रभू काय म्हणेल? म्हणेल, ठीक आहे, मग त्या बाटलीचीच प्रार्थना करा! आणा त्या बाटल्या! या पिंपात टाका! आज त्यांना जलसमाधी!"

बायका पिशव्या उपसू लागल्या. दुकानातल्या सगळ्या बाटल्या एकसारख्या, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या बाटलीच्या गळ्याला घरची चिंधी बांधलेली. शेजारच्या द्रुसिलानं लाल फ्लॅनेलची चिंधी बांधलेली बाटली आत सोडली. तिची सहा वर्षांची नेटी हात धरून शेजारी उभी होती. नेटीचा आणि लायमनचा दिवस एकच.

मागोमाग निळी चिंधी बांधलेली बाटली दिसली तशी लोविना ताडकन उठली.

"आई! ती आपली बाटली!"

"मग? मीच आणलीय." सासूबाईंनी नातवाला तिच्या हातून काढून घेतलं आणि मंचावर पाद्रीपुढे नेऊन बसवलं. "पाद्रीबाबा, याचंही बघा. काल फार कापला."

"बाळ, आज थंडी वाजतेय?"

"नाही," लायमन म्हणाला. "भूक लागलीय."

हालेलुयानं राई दुमदुमली.

दुपारी पिंपाला झाकण ठोकून मिरवणुकीनं धक्क्यावर नेलं आणि नदीत लोटलं. पिंप बुडबुडे काढत सरळ तळाला गेलं.

"पापाचं ओझं!" स्ट्राउड म्हणाला. "बघा कसं बुडालं!"

लोविना पाण्याकडे बघतच राहिली. लाकडाचं पिंप. आत बुचं मारलेल्या बाटल्या, त्यांत कोरडी पूड, बाकी सगळी हवा. असलं पिंप तरंगायला हवं. मग हे दगडासारखं कसं गेलं? पण कडेवर लायमन पेंगत होता, उद्या त्याचा दिवस होता आणि घरात कोयनेलचा कणही नव्हता. दुकानातलं तर पाद्रीच्या पहिल्याच प्रवचनानंतर पिंपात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला लायमनची नखं निळी पडली. मग ओठ. मग तो कापायला लागला. लोविनानं गोधड्या घातल्या, वर स्वतःचा झगा घातला, त्याला छातीशी आवळून धरलं.

सासूबाईंनी खिडकी लावली. मग दार.

"आई, जीव गुदमरेल त्याचा."

"आवाज बाहेर जाईल. लोक म्हणतील, प्रुइटांच्या घरात श्रद्धा नाही."

"त्याला कोयनेल हवंय."

"त्याला विश्वासू आई हवीय! पाद्रीबाबा म्हणालेच, ताप जाता जाता शेवटची लाथ मारतो. तू शंका घेतेस म्हणून तो रेंगाळतो. कॉलेजात हेच शिकवलं का गं तुला?"

लोविनानं डोक्यावरून शाल घेतली आणि घरोघर निघाली. कुणीतरी बाटली मागे ठेवली असेलच.

पहिलं दार बंद. "आमच्यात सगळे ठणठणीत, प्रभूची कृपा!" आतून आवाज आला, आणि त्याच्या मागून खाटेची करकर. दुसऱ्या घरात कुणीतरी मोठमोठ्यानं भजन म्हणत होतं. आतला दुसरा आवाज झाकायला माणूस जसं म्हणेल, तसं.

द्रुसिलानं मात्र दार उघडलं. पण उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"नेटी कशी आहे?"

"छान आहे. झोपलीय. बरी झाली ना ती!"

तिच्या पाठीमागे फळीवरच्या जस्ती थाळ्या वाजत होत्या. खाट भिंतीला लागून असणार, आणि फळी त्याच भिंतीवर. किणकिण, किणकिण. दोघींनाही ऐकू येत होतं. द्रुसिला हसली. लोविनाही हसली.

"बरं झालं हो," ती म्हणाली आणि घरी परतली.

नेटी पुढच्याच हुडहुडीत गेली.

थडग्याशी स्ट्राउडनं टोपी काढली. "प्रभूनं या लेकराला बरं केलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही साक्षीदार आहात. मग तिला कुणी मारलं? घरातल्या कुणाच्या तरी शंकेनं!" सगळ्यांच्या माना एकदम द्रुसिलाकडे वळल्या. द्रुसिला रडत नव्हती. आपण नेमकी कुठल्या क्षणी शंका घेतली, हे ती आठवत असावी. तिची सख्खी जाऊ तिच्यापासून दोन पावलं लांब सरकली.

लोविना लायमनच्या हाताची नखं बघत उभी होती. आज गुलाबी. उद्या निळी.

दुसऱ्या दिवशी तिनं लायमनला गोधडीत गुंडाळलं आणि त्याच्या हुडहुडीच्या वेळेला ती राईत जाऊन उभी राहिली. बाकावरच्या बायका अंग चोरून बाजूला झाल्या.

"अगं, आज याचा दिवस ना?" दुकानदारीण कुजबुजली. "आज कशाला आणलंस त्याला?"

"बरं करणाऱ्याकडे आजारी पोर आणू नये, तर काय निरोगी आणावं?"

ती सरळ मंचापाशी गेली आणि कापणारं पोर तिनं पाद्रीपुढच्या बाकावर ठेवलं. बाकाचा एक पाय आखूड होता. बाक खडखड वाजू लागला.

"आता बरा करा."

स्ट्राउडनं आधी गोड हसून पाहिलं. मग डोळे मिटले. मग पोराच्या छातीवर हात दाबून तो असा गरजला की झाडावरचे कावळे उडाले. ताप काही उडाला नाही.

"शेवटची लाथ!" तो घाम पुसत म्हणाला.

"चार दिवसांमागेही शेवटचीच होती."

"मग तुझ्यात शंका आहे, बाई."

"आहे ना. भरपूर आहे." लोविना लोकांकडे वळली. "इथं बसलेल्यांपैकी आज कोणाचा दिवस आहे? हात वर करा."

एकही हात वर आला नाही.

"बघा!" स्ट्राउड ओरडला. "एकही नाही! हालेलुया!"

"लोहार कुठं आहे?"

ग्रिग्जची बायको दचकली. "घरी आहेत. काम आहे."

"काय काम?"

बायको पायाखालचा पाचोळा बघू लागली.

"मी सांगते. तीन गोधड्यांखाली कापायचं काम. काल इथं नाचले, उद्या पुन्हा नाचतील. आज ज्याचा दिवस, तो आज घरी. उद्या तुम्ही घरी बसाल आणि ते येऊन बरे होतील! यात पाद्रीबाबांनी काय केलं? मोकळ्या दिवशी हुडहुडी भरत नाही, हे आपल्याकडच्या गाईलाही माहीत आहे. हुडहुडी लागलेला माणूस आपण कधी चार लोकांत येऊ देत नाही. तेवढ्यावर या माणसाचं सगळं दुकान चाललंय! आणि ते पिंप, आत निम्मी हवा, तरी दगडासारखं बुडालं कसं?"

"टवळी!" कुणीतरी ओरडलं. "शिकलेली टवळी! काढा तिला बाहेर!" एका म्हाताऱ्यानं पायातला बूट उपसला. दोन बाप्ये लोविनाच्या दंडाला धरायला पुढं झाले.

"हात लावू नका तिला."

सासूबाई उभ्या होत्या. आवाज नेहमीसारखाच खरखरीत, फक्त आज तो कुणाला टोचायला नव्हता.

"ती खरं बोलतेय. चार दिवसांमागे ही बाहेर गेली होती, तेव्हा पोराचे दात वाजत होते. बाहेर ऐकू जाईल म्हणून मी त्याच्या तोंडात चिंधी कोंबली. माझ्या नातवाच्या. तुम्ही काय कोंबलंत, ते तुम्ही बघा."

राईत फक्त बाक वाजत होता. मग पाठीमागून एक बाई हुंदक्यात म्हणाली, "मी उशी धरली." तिच्या नवऱ्यानं तिला कोपर मारलं. ती पुन्हा म्हणाली, "उशी धरली मी माझ्या पोराच्या तोंडावर."

"बहिणींनो, सैतान कसा फूट पाडतो बघा," स्ट्राउड बोलू लागला, पण लोकांचं लक्ष त्याच्या मागं गेलं होतं. मंचामागच्या त्याच्या झाकलेल्या गाडीतून द्रुसिला उतरत होती. ती कधी उठून गेली, कुणीच पाहिलं नव्हतं. तिनं एक पेटी ओढत आणली आणि सगळ्यांपुढे उलटी केली.

बाटल्या घरंगळल्या. हिरव्या चिंध्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, तपकिरी, निळी. पिंपात भरून बुडवले ते नदीकाठचे दगड होते. निम्म्या बाटल्या रिकाम्या, आणि त्यांच्याबरोबर कागदाच्या पुड्यांचा ढीग, प्रत्येक पुडीवर छापलेलं: 'स्ट्राउडचं पवित्र चूर्ण'. पुढच्या धक्क्यावर विकायला. लोविनानं एक पुडी फोडून जिभेला लावली.

"थोडं पीठ," ती म्हणाली. "बाकी कडू. थेट सैतानाच्या नाकपुडीतलं."

पाद्रीला धरायला कुणी गेलं नाही. सगळे पेटीवर तुटून पडले. एकमेकांची बोटं तुडवत, चिंध्या ओढत, माझी, माझी म्हणत. त्या गोंधळात स्ट्राउड कोट न घेताच धक्क्याला लागलेल्या आगबोटीवर चढला. पुढच्या धक्क्यावर त्याला नवा कोट मिळाला असणार. दुकानदारीण तर स्वतःची बाटली सोडून पुड्या गोळा करत होती. "हीच बरी," ती म्हणाली. "यावर प्रार्थना झालीय."

लोविनाला निळ्या चिंधीची बाटली सापडली. रिकामी होती.

ती बाटली हातात घेऊन बाकाशी बसली. लायमनची हुडहुडी ओसरून आता अंग भाजत होतं. द्रुसिला येऊन समोर उभी राहिली. तिच्या हातात लाल फ्लॅनेलची बाटली, बुचापर्यंत भरलेली.

"घे," ती म्हणाली.

लोविनानं बाटली घेतली.

"त्या दिवशी माझ्या दारात," द्रुसिला म्हणाली, "थाळ्या वाजत होत्या. तुला ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग मला ढकलून आत का नाही आलीस?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. डोक्यावरची टोपी नीट बांधली आणि एकटीच घराकडे चालू लागली.

कोयनेलनं लायमनचा ताप हटला. पुढचा दिवस आला, वेळ आली, नखं गुलाबीच राहिली. सासूबाई हालेलुया म्हणायला तोंड उघडत होत्या, लोविनानं त्यांच्या हातात चमचा दिला, "आई, पुढचा डोस." हॅकेटच्या धक्क्यावर अजूनही लोक हुडहुडीच्या दिवशी दारं लावून घेतात. लोविना ठोठावते, उघडलं नाही तर ढकलते, आणि लोक तिला आगाऊ म्हणतात. म्हणोत. कुणी बरं झालं असं तुमच्या कानावर आलं, तर मंचावर नाचणाऱ्याला बघून परत फिरू नका. त्याच्या घरी जा. त्याच्या हुडहुडीच्या दिवशी जा. खाटेपाशी उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि उंबऱ्यात कुणी हसत आडवं उभं राहिलं, तर आधी फळीवरच्या थाळ्या वाजतायत का ते ऐका.