मार्तंडरावांची सूर्यमाला

टाळ्या पडल्या की मार्तंडराव उपरण्याचं टोक झटकत. विनोदिनीला तिटकारा आला तो आधी त्या झटकण्याचा, व्याख्यानाचा नंतर.

साल एकेचाळीस. बेळगावातल्या एका मुलींच्या शाळेत विनोदिनी विज्ञान शिकवायची. मार्तंडराव त्याच शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, धंद्यानं वकील, आणि दोन इंग्रजी पुस्तकांच्या जोरावर गावाचे खगोलपंडित. 'सूर्यमाला कशी जन्मली' हे व्याख्यान त्यांनी चिकोडीत आणि निपाणीत गाजवून इथं आणलं होतं. एक परका तारा सूर्याजवळून गेला, त्याच्या ओढीनं सूर्यातून तप्त वायूची जीभ बाहेर आली, तिचे तुकडे पडले, थिजले, तेच हे ग्रह! "असा योग अब्जात एखादा. तेव्हा बंधूंनो, या विश्वात आपण एकटेच!" पुढच्या रांगेतले सावकार असे फुलले, जसा काही तो योग त्यांनीच जुळवून आणला होता.

विनोदिनी उभी राहिली. "सूर्यातला वायू एवढा तापलेला, की ओढून काढला तर वाफेसारखा पांगेल. त्याचे गोळे कसे व्हायचे? त्यापेक्षा धूळ नि वायूचा एकच मेघ फिरत फिरत आकसला, मधे सूर्य झाला, भोवती ग्रह, ही जुनी कल्पना बरी नाही का?"

"बाई, वाफ तुम्हाला चुलीवरचीच ठाऊक," मार्तंडराव म्हणाले. सभा खदाखदा हसली.

दोन दिवसांनी शाळेची शिपाईण मालुबाई वर्गाच्या दारात आली. "आक्का, मोठ्या बाईंनी बोलावलंय. अध्यक्ष रुसल्यात म्हनं. माफी मागून टाका की. लई मोठं मानूस हाय."

मोठ्या बाईंनीही माफीचंच सांगितलं. संध्याकाळी विनोदिनी मार्तंडरावांकडे गेली, पण माफीसाठी नव्हे, समजावून सांगायला. अडाण्यावर काय रागवायचं, असं तिनं वाटेत मनाला बजावलं होतं.

त्यांनी सगळं निवांत ऐकून घेतलं. "शंका बरोबर आहे तुमची. विलायतेतही हीच निघालीय. वाचलंय मी."

"मग सभेत माझं हसं केलंत कशाला?"

"धुळीतून झालात म्हटलं तर टाळी कोण देतो, बाई? ताऱ्याची गोष्ट रंगते. बरं, माफीचं काय?"

अज्ञान तिनं पोटात घातलं असतं. हा माणूस जाणूनबुजून शिळं खपवत होता, आणि वर दक्षिणेसारखी माफीही मागत होता. तिला त्याच्या घरातलं पाणीसुद्धा नकोसं झालं.

"माफी तुम्हीच मागा, जिथं जिथं हे सांगत फिरलात तिथं," ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

जूनपासून तिला शिवणाचे तास मिळाले. विज्ञान अध्यक्षांच्या पुतण्याकडे गेलं. तरी मुली मधल्या सुट्टीत येऊन विचारत, "बाई, पृथ्वी कशाची हो झालीय?"

"दगड, लोखंड, वर थोडं पाणी," सुईत दोरा ओवत ती सांगे. "तुमच्या रक्तातही तेच लोखंड. अध्यक्षांच्याही. त्यांच्यात वारा तेवढा जास्त."

मुली फिदीफिदी हसत, आणि मालुबाई घाईनं दार लोटून घेई.